मामी आमच्या वर्गात होत्या

मामी वर्गात हात वर करायच्या नाहीत. सरळ उभ्या राहायच्या, पदर नीट करायच्या आणि म्हणायच्या, "सर, समजलं न्हाई."

आवाजात ना लाज, ना आगाऊपणा. दूधवाल्याला 'उद्या येऊ नका' सांगावं, तितका साधा सूर. जालन्याच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाला आम्ही सगळी नुकती दहावी झालेली पोरं होतो. न समजता समजल्यासारखी मान हलवणं आम्ही शाळेतूनच पक्कं करून आलो होतो. त्यात आता सगळं इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात गणिताचे सर लॉगॅरिदम शिकवत होते, आमच्या माना तालात हलत होत्या, आणि मामी उभ्या राहिल्या.

"काय समजलं नाही?" सरांनी विचारलं.

"सुरुवातीपासून."

"सुरुवातीपासून म्हणजे कुठून?"

"तुम्ही फळ्यावर तारीख टाकली, तिथवर समजलं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत आणि मामीही हसल्या नाहीत. सरांनी घरी जाऊन पुस्तक वाचायला सांगितलं. मामी म्हणाल्या, "वाचलं सर. तिथं बी हेच लिहिलंय." मग सरांनी फळा पुसला, तारीख तेवढी ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली, या वेळी मराठीतून. मघाशी हसलेली सगळी पोरं खाली मान घालून भराभर उतरवून घेऊ लागली.

त्यांचं नाव वंदना. ते हजेरीपटावर होतं, पण वापरात नव्हतं. त्याला कारण रोहित. रोहित त्यांच्या नणंदेचा मुलगा, परतूरचा. शिकायला म्हणून जुन्या जालन्यात मामा-मामींकडे राहायला आला आणि नशिबानं मामींच्याच वर्गात आला. तो त्यांना मामी म्हणायचा. आठवडाभरात आम्ही म्हणू लागलो. महिन्याभरात वर्कशॉपचे सर, ग्रंथपाल आणि फाटकावरचा वॉचमन. एकदा विभागप्रमुख पाहुण्यांना विभाग दाखवत फिरत होते. "आणि ह्या आमच्या मामी," असं म्हणून ते पुढे गेले. पाहुण्यांनी नमस्कार केला.

खरं तर प्रवेश घ्यायला रोहित आला होता आणि मामी नुसत्या सोबत आल्या होत्या. खिडकीत बसलेल्या माणसानं रोहितचे कागद तपासले, तेवढ्यात मामींनी विचारलं, "वयाची अट काय आसती?" तो म्हणाला, "याला अट नाही, मावशी. का?" मामी म्हणाल्या, "सहज." दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची दहावीची गुणपत्रिका घेऊन त्याच खिडकीत उभ्या होत्या. दहावीला त्या गावात पहिल्या आल्या होत्या. पुढचं कॉलेज एसटीच्या वाटेवर नव्हतं म्हणून घरी राहिल्या, आणि लग्नाचं वय पूर्ण झालं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. आता त्यांची मुलगी आठवीत होती. गुणवत्ता यादी लागली तेव्हा मामी रोहितच्या वर होत्या. रोहितला हे आजही आवडत नाही.

मामा, म्हणजे मामींचे यजमान, जुन्या जालन्यात कापडाच्या एका ठोक दुकानात कामाला होते. कमी बोलायचे. दुकानात कुणी विचारलं, "वहिनी काय करतात?" की म्हणायचे, "पॉलिटेक्निकला हाय." समोरचा म्हणायचा, "अरे वा, काय शिकवतात?" मामा तागा गुंडाळत सांगायचे, "शिकून राह्यली."

संध्याकाळी मामी भाकरी थापायच्या आणि रोहितनं शेजारी बसून पुस्तक मोठ्यानं वाचायचं, असा त्या घरचा नियम होता. मामींचे हात पिठात असल्यामुळे पान उलटायलाही रोहितच. त्यामुळे रोहितचा सगळा अभ्यासक्रम एकदा तरी मोठ्यानं वाचून झाला. तो पास होत गेला, याचं दुसरं कारण आम्हाला कुणाला सापडलं नाही.

मामी हुशार होत्या असं मी म्हणणार नाही. वर्कशॉपमध्ये तर त्यांचा हात अजिबात चालायचा नाही. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून चौकोन करायचा होता. मामींनी दोन आठवडे घासला. सरांनी तो उजेडात धरून सगळीकडून पाहिला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"चौकोन व्हायला निघाला व्हता," मामी म्हणाल्या.

हळूहळू वर्गाला मामींची सवय लागली. सर शिकवताना कुणाला काही अडलं की तो मागून कुजबुजायचा, "मामी, विचारा ना." मामी मागे वळायच्या. "मला समजलंय. तुला न्हाई समजलं तर तू ऊठ." हे त्या हळू आवाजात म्हणायच्या नाहीत, त्यामुळे सरांना ऐकू जायचं आणि त्या मुलाला उठावंच लागायचं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आमचा वर्ग सगळ्या कॉलेजात त्रासदायक वर्ग म्हणून ओळखला जाऊ लागला. कुणीही उठून काहीही विचारायचं.

माझा आणि मामींचा संबंध मात्र माझ्या बाबांमुळे जुळला. बाबा अंबडला शाळेत गुरुजी. वर्गात साडी नेसलेली बाई दिसली की ती शिकवणारीच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मला वसतिगृहावर सोडायला आले तेव्हा वर्गाच्या दाराशी मामी उभ्या होत्या. बाबांनी हात जोडले. "मॅडम, मुलीकडे जरा लक्ष असू द्या."

मामींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "देते लक्ष."

आणि दिलं. त्या दिवसापासून मला त्यांच्या शेजारी बसावं लागलं. बाबा अधूनमधून त्यांना फोन करून माझी प्रगती विचारायचे. मामी सांगायच्या, "बराबर चालू हाय, गुरुजी. माझ्या शेजारीच बसती." बाबांना फार बरं वाटायचं. मुलींना शेजारी बसवून शिकवणाऱ्या बाई त्यांनी आपल्या नोकरीत पाहिल्या नव्हत्या. मी एकदा मामींना म्हटलं की बाबांना खरं सांगायला हवं. त्या म्हणाल्या, "त्यांनी इचारलं तर सांगीन."

डिप्लोमा झाला. आम्हा दोघींना मार्क बरे पडले होते, थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला संभाजीनगरच्या एका कॉलेजात प्रवेश मिळत होता. त्याच पावसाळ्यात आष्टीला, सासरच्या गावी, मामींच्या सासूबाई ओसरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. थोरल्या दिरांनी त्यांना जालन्याच्या दवाखान्यात आणलं आणि तिथून मामींच्या घरी. मी प्रवेशाचं बघायला मामींकडे गेले, तर दोन खोल्यांच्या घरात सगळे बसलेले. मी उठून जायला लागले, तर मामी म्हणाल्या, "बस. चहा होऊन राह्यलाय."

थोरले दीर समजुतीच्या आवाजात म्हणाले, "वंदना, डिप्लोमा झाला, लय नाव झालं. आता बास. आईला बघायला माणूस पायजे."

"समजलं न्हाई," मामी म्हणाल्या.

"त्यात काय समजायचंय?"

"आत्याबाईला बघायला माणूस पायजे, ते समजलं. ते माणूस मीच पायजे, ते समजलं न्हाई."

"मंग कोण? उठवायचं, बसवायचं, सगळं करायचं. बाईमाणसाचं काम हाय ते."

"मला बी येत नव्हतं. दवाखान्यात नर्सबाईनं दाखवलं, मंग आलं."

दीर मामांकडे वळले. "अरे, तू काय बोलशील का न्हाई?"

मामा भिंतीला टेकून बसले होते. लग्नापासून ते घरच्या बैठकीत काही बोलले असतील, असं मला वाटत नाही. ते म्हणाले, "मी शेठला सांगतो, सकाळचा माल उतरवायला दुसरा माणूस बघा म्हणून. दुपारी पोरगी कॉलेजातून आली की मी दुकानात जाईन. तवर मी हाय."

"तू? तुला काय येतंय?"

"शिकंन," मामा म्हणाले.

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चहा त्यांनी सगळ्यांत आधी मामांना दिला, थोरल्या दिरांच्याही आधी. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं असावं, कारण दीर चहा न घेता उठले आणि दिवाळीपर्यंत आले नाहीत.

आज्जींचं, म्हणजे मामींच्या सासूबाईंचं, म्हणणं वेगळंच होतं. त्या मला खाटेवरून सांगायच्या, "सून शिकून राह्यली त्याचं मला काय न्हाई, बाई. पर ह्याच्या हातचा चहा पिऊन मी जाईन एखाद्या दिवशी." खरोखरच तो चहा वाईट असायचा. पुढे सुधारला.

संभाजीनगरला रोज जाऊन-येऊन करायचं, तर बाबा मला सोडणार नव्हते. अंबडला स्थळं येऊ लागली होती. पण मी सांगितलं की मामीसुद्धा तिथंच आहेत, आणि बाबांनी असा समज करून घेतला की मॅडमची बदली झाली. त्यांनी फोन करून अभिनंदन केलं. मामी म्हणाल्या, "आभारी हाय." मी जालन्यात मैत्रिणीबरोबर खोली घेतली आणि आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं जायला लागलो. रोहितला जालन्यातच एका कारखान्यात नोकरी लागली होती. त्याला शिक्षण फार झालं होतं.

नव्या वर्गात आम्ही डिप्लोमावाले. बाकीची मुलं बारावी करून आलेली, त्यांचं गणित आमच्या कितीतरी पुढे. तिथल्या गणिताच्या सरांसमोर मामी पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा सर म्हणाले, "तुम्हा डिप्लोमावाल्यांचा पायाच कच्चा असतो."

"हो सर," मामी म्हणाल्या, "म्हणूनच इचारून राह्यले."

पण विचारून सगळंच भरून निघत नाही. पहिल्या सत्राचा निकाल लागला, त्यात गणितात मी नापास आणि मामीही नापास. निकाल परतीच्या गाडीत मोबाइलवर दिसला. मी रडायला लागले. मामींनी डबा उघडला. "आधी खाऊन घे. रडायला बी ताकद लागती." मी तुकडा मोडून हातात धरला. मी म्हटलं, मी सोडते, रोहितसारखी नोकरी बघते. मामी म्हणाल्या, "बघ. पर ते आज नको ठरवू. आज डोकं ठिकाणावर न्हाई. माझं बी न्हाई." तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनीही भाकरीचा तुकडा नुसताच हातात धरला आहे.

बाबांना मी निकाल मेसेज करून कळवला होता. बदनापूर मागे पडलं आणि त्यांचा फोन आला. मला नव्हे, मामींना. गाडीच्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"मॅडम, हे कसं झालं? तुमचं लक्ष होतं ना?"

"व्हतं, गुरुजी."

"मग मुलगी नापास कशी झाली?"

"मी बी झाले."

रडता रडता मी फोनकडे सरकले.

"तुम्ही बी, म्हणजे?"

"त्याच पेपरात. शीतलला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त हायेत."

"पण मॅडम, तुम्ही तर शिकवता."

"न्हाई गुरुजी. मी तिच्या वर्गात हाय. पैल्यापासून."

बाबांनी फोन ठेवला. मामींनी मोबाइल पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "इचारलं त्यांनी."

रविवारी बाबा अंबडहून आले. मला घेऊन जायलाच आले होते. मी कपडे भरून ठेवले होते. आधी म्हणाले, त्या बाईंना भेटायचंय. मी त्यांना जुन्या जालन्यात मामींच्या घरी घेऊन गेले. घरात मामा आज्जींना धरून चालवत होते, खाटेपासून दारापर्यंत आणि परत. मामी खाली चटईवर त्याच गणिताचं पुस्तक उघडून बसल्या होत्या. बाबांना पाहून उठल्या. बाबा खुर्चीवर बसले. मामांनी आज्जींना बसवलं, चहा ठेवला.

बाबा म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"न्हाई सांगितलं," मामी म्हणाल्या. "पर लक्ष देते म्हणले, ते दिलं."

बाबांनी पुस्तकाकडे पाहिलं, आज्जींकडे पाहिलं, कपबश्या विसळणाऱ्या मामांकडे पाहिलं. मग विचारलं, "या वयात नापास झालात, घरचे काय म्हणाले?"

उत्तर आज्जींनी दिलं. "काय म्हणायचं? परत बस म्हणलं. ती एवढी रोज गाडीला लोंबकळून जाती, ते काय एका पेपरासाठी सोडायचं?"

बाबांनी चहा संपवला. तो बरा झाला होता, असं त्यांनी मामांना सांगितलंही. बसस्टँडवर आल्यावर मी पिशवी घेऊन त्यांच्यामागे चढायला लागले, तर म्हणाले, "तू कुठं निघालीस? उद्या कॉलेज नाही का?" आणि खिडकीतून, बस हलता हलता, "स्थळांचं पुढं बघू." मामींना ते शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिले.

गणित आम्ही पुढच्या खेपेला काढलं. वर्गातल्या बारावीवाल्या दोन मुली आम्हाला दुपारच्या सुट्टीत शिकवायच्या आणि मामींच्या डब्यातली भाकरी-चटणी खायच्या. शेवटच्या वर्षाला कंपन्या येऊ लागल्या. एका मुलाखतीत मामींना विचारलं, "दहावीनंतर डिप्लोमापर्यंत मध्ये एवढी वर्षं दिसतायत. या काळात काय केलं?"

"संसार," मामी म्हणाल्या.

"त्यातून काय शिकलात?"

"स्वयपाक. तुम्ही ट्रान्सफॉर्मरचं इचारा."

ती नोकरी मिळाली नाही. पुढच्याही काही मिळाल्या नाहीत. आमच्या वर्गातली पोरं पुण्याला गेली, मीही गेले, आणि मामी सकाळी सासूबाईंना अंघोळ घालून जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एकेका फाटकावर जाऊन विचारत राहिल्या. त्या दिवसांत फोनवर मी विचारलं की त्या म्हणायच्या, "आज बी न्हाई." त्याच सुरात. एका संध्याकाळी मात्र म्हणाल्या, "शीतल, मला वाटतं मी लय उशिरा निघाले." मी काहीतरी धीराचं बोलले. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "ठेवते. भाकरी करायच्यात."

मग ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करून तपासणाऱ्या एका लहानशा कारखान्यात तपासणीच्या कामावर त्यांना घेतलं, कारण आधीचा माणूस न सांगता निघून गेला होता. मामी तिथं टिकल्या. तिथल्या अनुभवावर पुढे आष्टीजवळ उभ्या राहणाऱ्या एका सौरऊर्जा प्रकल्पात त्यांना साइट इंजिनिअर म्हणून बोलावलं. सासरच्या गावाला, हेल्मेट घालून.

मी तोवर पुण्यात रिले बनवणाऱ्या कंपनीत होते. रिले म्हणजे बिघाड झाला की क्षणात वीज तोडणारं उपकरण. त्या प्रकल्पाला आमचेच रिले होते, म्हणून ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी मला पाठवलं. फाटकाबाहेर गावातली बरीच माणसं जमली होती. मामा आले होते, आणि त्यांनी आज्जींना आणलं होतं. आज्जी आता काठी घेऊन चालायच्या. सून काय करते ते एकदा बघायचंच, असा त्यांचा हट्ट होता. मामींनी त्यांना कंट्रोल रूमच्या दाराशी खुर्ची दिली, पदरावरून हेल्मेट घातलं आणि सांगितलं, "हितून हलायचं न्हाई."

मग मामींनी यार्डातला एकेक माणूस बाहेर काढला. कुणी राहिलं का, पुन्हा जाऊन पाहिलं. कंपनीचे साहेब घड्याळ बघत होते. मामींनी आमच्याकडून रिलेचं सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं, समजेपर्यंत. मग आत आल्या आणि पॅनेलवरच्या मुलाला म्हणाल्या, "ब्रेकर क्लोज कर," म्हणजे वीज सोड.

खट्कन आवाज झाला. बाहेर ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. सगळ्या मीटरचे काटे जिथं हवे तिथं जाऊन थांबले.

आज्जींनी दारातून विचारलं, "झालं?"

"झालं, आत्याबाई."

"मला तर काय दिसलं न्हाई."

"दिसलं आसतं तर माझी नोकरी गेली आसती."

साहेब लोक हसले. त्यांनी मामींशी हात मिळवले आणि जेवणाची चौकशी करत बाहेर पडले. खोलीत आम्ही दोघीच उरलो. मामी पॅनेलकडे तोंड करून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "शीतल, जरा धर मला. पाय कापून राह्यलेत."

मी त्यांना दंडाला धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी धरलं नव्हतं. मी तशीच धरून उभी राहिले. बाहेर फाटकाशी आलेल्या बायकांना आज्जी खुर्चीवरूनच हेल्मेट सावरत मोठ्यानं सांगत होत्या, "ते गुणगुण आवाज येऊन राह्यलाय न्हवं? सून हाय माझी."